तीनशे ग्रेनची गोळी

“बघा. आता तरी डोळे उघडून बघा!” नीलानं लेकीच्या टी-शर्टचा गळा उजव्या खांद्यावरून खाली ओढून धरला होता. “तुमच्या त्या गोळ्यांनी केलंय हे.”

“आई, सोड ना. इट्स नथिंग.”

“नथिंग? काल डाव्या हातानं भात कालवत होतीस. विचारलं तर म्हणे, सहज. सहज कोणी डाव्या हातानं जेवतं?”

“आणि आईनं नॉक न करता बाथरूममध्ये शिरायचं, ते चालतं.”

“माझ्या घरात मी नॉक करू? अहो, तुम्ही काही बोलणार आहात की चहाच पिणार आहात?”

पुरुषोत्तम वझलवार ओट्याला टेकून उभा होता. त्यानं कप खाली ठेवला, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि लेकीच्या खांद्याजवळ वाकला. मधोमध जांभळं, त्याभोवती हिरवट, सगळ्यात बाहेर पिवळं. हे एका दिवसाचं नव्हतं. जुन्यावर नवं आणि त्या नव्यावर पुन्हा नवं बसलेलं होतं. अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयला, गाड्यांचे ॲक्सल बनवणाऱ्या एका कंपनीच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं त्यानं तुटलेल्या वस्तूच पाहिल्या होत्या. रोज थोडाथोडा मार खाऊन तुटलेल्या ॲक्सलच्या तुटल्या तोंडावर अशीच एकाबाहेर एक वलयं दिसतात. ती मोजायची त्याच्या बोटांना सवय होती. आता त्यानं ती बोटं आवरली.

“किती झाडल्यास?” त्यानं विचारलं.

“वन सिक्स्टी. मेबी वन सेव्हन्टी.”

“अगं, मी तुला आठवड्याला दहाच म्हटलं होतं.”

“दहानं होत नव्हतं, बाबा.” तिनं शर्ट वर ओढला. “लास्ट सॅटर्डेला टेस्ट होती ना, त्यात मी फेल झाले.”

नीलाचा हात खाली आला. मागच्या शनिवारी ही पोरगी गोळीबाराच्या रेंजवरून आली, ‘झालं, छान झालं’ म्हणाली आणि पुरुषोत्तमनं तिला पिझ्झा खाऊ घातला होता.

नागपूरला मेटलर्जी शिकून हा माणूस सत्तावीसाव्या वर्षी मिशिगनला आला. त्यानं जन्मात कशावर दगडसुद्धा मारला नव्हता. घरात उंदीर झाला तेव्हा पिंजरा लावून, पकडून, दोन मैलांवरच्या बागेत सोडून आला होता. तोच उंदीर परत आला असं नीलाचं अजूनही म्हणणं आहे. लॅबमध्ये त्याला मान होता. काही तुटलं की ते त्याच्या टेबलावर यायचं, आणि तो भिंगाखाली बघून सांगायचा की हे का तुटलं. चूक कोणाची हे तो सांगत नसे, फक्त का ते. पण त्याच्याकडे काहीही यायचं ते तुटल्यावरच.

मुलगी झाली, स्वानंदी, तीही वेगळीच. बाकीच्यांची मुलं कॉम्प्युटरकडे गेली, ही माशांकडे. पाच वर्षं उन्हाळाभर अलास्कातल्या एका नदीवर सामन मासे मोजायला जायची आणि हिवाळ्यात ट्रॉयला आईबापांच्या घरी येऊन आकडे लिहीत बसायची. कायमची नोकरी नाही, लग्नाचं नाव नाही. “माझ्या मुलीचं काय चाललंय विचारतात लोक,” नीला म्हणायची, “मी काय सांगू? मासे मोजते?”

गेल्या ऑगस्टमध्ये त्या नदीवर तिच्या तुकडीतल्या रॉजर नावाच्या माणसावर एक तपकिरी अस्वलीण धावून आली. बरोबर पिल्लं होती. रॉजरला रायफल उचलायला वेळ मिळाला, गोळी खांद्यात बसलीसुद्धा. पण अस्वलीण थांबली नाही. दुसऱ्यानं तिला पाडेपर्यंत रॉजरचा डावा हात कोपरापासून गेला होता आणि एक डोळाही. स्वानंदी तेव्हा नदीची दोन वळणं खाली होती. तिनं ते ऐकलं होतं. आईबापांना तिनं दहा दिवसांनी फोनवर सांगितलं, आज पाऊस आहे असं सांगावं तसं.

नीला म्हणाली, “आता तू तिथे पुन्हा पाऊल ठेवायचं नाहीस.”

पुरुषोत्तम म्हणाला, “गोळी कोणती होती?”

या प्रश्नाबद्दल नीलानं त्याला अजून माफ केलेलं नाही. पण त्याला दुसरा प्रश्न सुचत नव्हता. स्वानंदीनं विचारून सांगितलं: हलकी, मऊ शिशाची, वर पातळ तांब्याचं कवच. हरणासाठी उत्तम, कारण आत शिरताच पसरते. अस्वलाच्या खांद्याचं जाड हाड लागलं आणि तिचे तुकडे झाले. ते कातडीखालच्या चरबीतच राहिले. म्हणजे नेम बरोबर, वेळ बरोबर, गोळी चूक. पुरुषोत्तमच्या आयुष्यात पहिल्यांदाच एक गोष्ट तुटायच्या आधी त्याच्या टेबलावर आली होती. पुढच्या उन्हाळ्यात त्याच नदीवर त्याची मुलगी तुकडीप्रमुख म्हणून जाणार होती. रायफल तिच्या हातात असणार होती, आणि त्यासाठी नेमबाजीची परीक्षा द्यायची होती.

तो कामाला लागला. धातूची भाषा त्याला येत होती. फार कडक गोळी पसरत नाही, सुईसारखी आरपार जाते, जनावराला कळतही नाही. फार मऊ असली तर फुटते. मधलं काहीतरी हवं होतं. दार उघडण्याइतकं पसरेल आणि पसरूनही अखंड राहून हाडामागच्या काळजापर्यंत पोचेल असं. कुठे शिसं कवचाला आतून चिकटवलेलं, कुठे सगळी गोळीच तांब्याची. त्यानं अकरा प्रकार मागवले. लॅपीअरच्या रस्त्यावर वॉल्ट नावाच्या म्हाताऱ्याचं शिकारीच्या सामानाचं दुकान होतं आणि मागे त्याचीच रेंज. तिथे गोळ्या झाडायच्या, त्या ओल्या कागदाच्या जाड थरात अडवायच्या, मग कागद पानापानानं उलगडत गोळी किती खोल गेली ते बघायचं. अशी जुनी पद्धत आहे. आणि कागद कुठला? गॅरेजमध्ये नीलाचे दिवाळी अंक होते, सव्वीस वर्षांचे, भारताच्या दर खेपेला साड्या कमी करून बॅगेतून आणलेले. खालची दोन खोकी त्यानं न विचारता टबात भिजत घातली.

नीला गॅरेजमध्ये गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली ती एवढंच म्हणाली, “निदान कथा-कविता सोडून जाहिरातींची पानं भिजवायची होती.”

“सलग लागतात पानं,” तो म्हणाला.

मग संध्याकाळी त्यानं चिमट्यानं गोळ्या काढल्या, पुसल्या आणि नीलाच्या केशर तोलायच्या काट्यावर ठेवल्या. झाडण्यापूर्वी वजन किती, नंतर उरलं किती. गोळ्यांचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. रॉजरच्या प्रकारची गोळी निम्मीसुद्धा उरली नाही. सगळ्यात वर आली ती मोठ्या थ्री-सेव्हन्टी-फाइव्ह रायफलची तीनशे ग्रेनची गोळी: अडीच दिवाळी अंकांच्या आरपार, वजन जवळजवळ तेवढंच, आकार उमललेल्या लवंगेसारखा. स्वयंपाकघरात उभं राहून त्यानं ती लेकीच्या तळहातावर ठेवली होती. त्या दिवशी त्याला सहा महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोप लागली.

“मला सांगितलं का नाहीस?” आता तो तिला विचारत होता. “रायफल मागे लाथ मारतेय, सहन होत नाहीये, एवढं सांगायला काय झालं?”

“यू वेअर सो हॅपी, बाबा.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे तू जेवताना बोलत होतास. हसत होतास. रॉजरनंतर पहिल्यांदा. मी कसं सांगणार की तुझं बेस्ट बुलेट मला मारता येत नाही?”

“ऐका!” नीला म्हणाली. “बापाला वाईट वाटेल म्हणून खांदा फोडून घेतला पोरीनं. आणि बापानं काय केलं, तर माझ्या केशराच्या काट्यावर शिसं तोललं. आता फेल झालीच आहे ना? मग संपलं. राहा घरी.”

“एक अटेम्प्ट आहे अजून. या सॅटर्डेला.”

“आणि त्यात नाही झालीस तर?”

“तर मी लीड नाही. रायफल माझ्याकडे नाही.” स्वानंदीनं फ्रिजमधून मटारची पिशवी काढून खांद्यावर धरली. “पाच वर्षं त्यासाठी केलीत, आई. लीड नाही तर पर्मनंटही नाही.”

“मला नको का आहे ती पर्मनंट? पण हातपाय शाबूत ठेवून हवीय मला मुलगी.”

दुसऱ्या दिवशी पुरुषोत्तम लॅबला सुट्टी टाकून वॉल्टकडे गेला. अकरा गोळ्यांच्या आकड्यांचा तक्ता त्याच्या काखेत होता. वॉल्ट प्रेस कारखान्यातून रिटायर झालेला, दोनदा अलास्कात अस्वलाची शिकार करून आलेला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि तक्ता हातातही न घेता विचारलं, “पोरगी किती उंच?”

“पाच फूट एक.”

“वजन?”

“शंभर पाऊंडांच्या जरा वर.”

“तुझ्या या कागदावर तो रकाना कुठे आहे, पुरू?”

पुरुषोत्तमनं तक्ता बघितला. खोली, उरलेलं वजन, पसरण, वेग, हाडावरचा परिणाम. अकरा ओळी, पाच रकाने.

“तू अस्वल बघून गोळी निवडलीस,” वॉल्ट म्हणाला. “जे सगळे करतात तेच. ज्यांना पुस्तकं वाचता येतात ते तर हमखास. अरे, जी गोळी ती डोळे उघडे ठेवून मारू शकते ती चांगली गोळी. बाकी सगळं नंतर.”

पुरुषोत्तमनं तक्ता दुमडला. शाळा निवडताना तक्त्यात पहिली आलेली शाळा, पियानोची बाई पहिली आलेली, कॉलेज पहिलं आलेलं. मुलीसाठी निवडायचं ते यादीतलं सगळ्यात वरचं, यापलीकडे निवडीचा दुसरा काही अर्थ असतो हे त्याच्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं. आणि मुलीनंही प्रत्येक वेळी दात आवळून ते करून दाखवलं होतं.

वॉल्टनं कपाटातून एक साधी जुनी रायफल काढली, थर्टी-ऑट-सिक्स. तिच्यासाठी दोनशे वीस ग्रेनची लांबट गोळी, शिसं कवचाला चिकटवलेलं. “दणका जवळपास निम्मा. अलास्कात पुष्कळ लोक हीच वापरतात. तुझ्या अडीच मासिकांच्या ऐवजी दोनच फोडेल. दोन पुरतात.”

“पुरतात? नक्की?”

“नक्की काहीच नसतं. गुरुवारी घेऊन ये तिला.”

गुरुवारी रेंजवर वारा होता, एप्रिल असून हात गारठत होते. स्वानंदी नवी रायफल बघून हसली. “क्यूट आहे,” म्हणाली. तिनं पहिल्या तीन गोळ्या झाडल्या, तिन्ही पुठ्ठ्यावरच्या वर्तुळाच्या आसपास. पुरुषोत्तमच्या छातीवरचं ओझं जरा हललं. मग वॉल्टनं रायफल घेतली, पाठ करून भरली आणि परत तिच्या हातात दिली. त्यानं भरताना नळीत एक पोकळ, दारू नसलेलं काडतूस घातलं होतं. ते फक्त पुरुषोत्तमला दिसलं.

स्वानंदीनं नेम धरला. चाप ओढला. नुसता ‘टिक्’ असा आवाज झाला.

दणका नव्हताच. पण नळीचं तोंड वीतभर खाली गेलं होतं, उजवा खांदा आत चोरलेला होता, आणि तिचे डोळे गच्च मिटलेले होते. सगळं अंग मार खायला तयार होऊन बसलं होतं, आणि मार आलाच नव्हता. तिनं डोळे उघडले. रायफलकडे बघितलं. मग मागे वळून बापाकडे.

“ओह,” ती म्हणाली.

वॉल्टनं तिच्या हातून रायफल हळूच काढून घेतली. “हे जातं,” तो तिला म्हणाला. “छोट्या बंदुकीवर, रोज थोडं थोडं. दोन-तीन महिने लागतात.” तिला दोन दिवस होते.

परतीच्या वाटेवर पुरुषोत्तमनं गाडी चालवता चालवता तीनदा बोलायला सुरुवात केली. शेवटी म्हणाला, “चूक माझी आहे. हे मी शिकवलं तुझ्या खांद्याला.”

“स्टॉप इट, बाबा.”

“नाही, मी लॅबमध्ये हेच बघतो. वस्तू चांगली असते. तिच्यावर भार कोणी किती टाकला...”

“मी ॲक्सल नाहीये,” स्वानंदी म्हणाली आणि खिडकीकडे तोंड केलं. घर येईपर्यंत ती रडत होती. त्यानं रेडिओ लावला, मग बंद केला.

शनिवारी ती वॉल्टची रायफल आणि बापाला घेऊनच रेंजवर गेली. परीक्षा साधी होती. पुठ्ठ्याचं अस्वल रुळावरून अंगावर येतं, वीस सेकंदांत चार गोळ्या, चारही वर्तुळात. पुरुषोत्तम काचेमागे उभा होता. पहिली आत. दुसरी आत. तिसरी वर्तुळाच्या रेघेवर. परीक्षकानं ती धरली. चौथ्या गोळीच्या आधी त्याला काचेतून लेकीचा जबडा दिसला, आवळलेला, जसा पियानोच्या परीक्षेला असायचा. गोळी पुठ्ठ्याच्या चार फूट अलीकडे मातीत गेली. माती उडाली. पुठ्ठ्याचं अस्वल तिच्यापाशी येऊन थांबलं.

घरी नीलानं वरणफळं केली होती. “नाही झाली,” पुरुषोत्तम दारातूनच म्हणाला. नीला तडक देव्हाऱ्यापाशी गेली. तिथे स्टीलच्या वाटीत गणपती पाण्यात बुडवून ठेवलेला होता. चार दिवस जाता-येता पुरुषोत्तमला तो दिसत होता आणि त्याला वाटत होतं, पोरगी पास व्हावी म्हणून देव पाण्यात घातलेत. नीलानं गणपती बाहेर काढला, पदराच्या टोकानं पुसला आणि कुंकू लावलं. तिचा चेहरा सैल पडला होता. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की साकडं कशाचं होतं.

“तू ती नापास व्हावी म्हणून...”

“हो,” नीला म्हणाली. “तुम्ही गोळ्या शोधल्यात, मी हे केलं. माझं ऐकलं देवानं. चला, पानं घेते. स्वानंदी, हात धू.”

पुरुषोत्तमला तिचा राग यायला हवा होता, पण आला नाही. उलट इतके महिने कुठेतरी आवळून धरलेलं सुटल्यासारखं झालं. त्यानं खुर्ची ओढली आणि लेकीचा हात धरला. “जाऊ नकोस, बेटा. हे मी आजवर म्हटलं नाही. ते आई म्हणत होती. मी गोळ्यांचं बघत होतो, कारण तू जाणारच होतीस. आता नको जाऊस. मला जमलं नाही. मला दुसरं काही येत नाही तुझ्यासाठी करता.” बासष्ट वर्षांचा माणूस वरणफळांच्या पातेल्यासमोर बसून हुंदके देत होता आणि नीला हातात डाव घेऊन तशीच उभी राहिली.

स्वानंदीनं हात सोडवून घेतला नाही. तिनं दुसऱ्या हातानं त्याच्यासमोर पाण्याचा ग्लास सरकवला. तो पिऊन होईपर्यंत थांबली.

“मी पार्किंग लॉटमधूनच अलास्काच्या ऑफिसला ईमेल केलंय,” ती म्हणाली. “मेगन लीड असेल. तिला मीच ट्रेन केलं होतं, ती पास झालीय. ती रायफल घेऊन पुढे चालेल, मी मागे काउंटिंग करीन. अस्वलासाठीचा मिरचीचा स्प्रे असेल माझ्याकडे, बंदूक नाही. पर्मनंटचं यंदा होणार नाही. त्यांचा रिप्लाय आलाय, ओके म्हणून.”

“मागे म्हणजे?” नीला म्हणाली. “मागून आलं तर?”

“तर मेगन वळेल.”

“आणि ती वळेपर्यंत?”

स्वानंदीनं नीलाच्या हातातला डाव घेतला, तिघांच्या ताटांत वरणफळं वाढली, आपल्या ताटावर तूप घातलं आणि बसली.

“बारा मेची फ्लाइट आहे,” ती म्हणाली. “मी जातेय.”